बसायचा पाट, भिंतीवरचं चित्र

पीटर्सबर्ग, रविवार, रात्र

पाय पार दुखतायत, पण लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. रशियन म्युझियममध्ये गेले होते चित्रकार व्हेनेत्सियानोव्हचं 'गुम्नो' बघायला, आणि परत आले ती एका पाटाचा विचार करत.

'गुम्नो' म्हणजे छपराखालचं खळं. चित्र 1820च्या दशकाच्या सुरुवातीचं. आतला उजेड नीट दिसावा म्हणून व्हेनेत्सियानोव्हने आपल्या जहागिरीतल्या खळ्याची अख्खी भिंत कापून काढायला लावली होती. तो उजेड खरोखर विलक्षण आहे, आतपर्यंत ओढून नेतो. पण पुढे बसलेली माणसं अवघडल्यासारखी वाटतात. मालक चित्र काढतोय आणि भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचे शेतकरी, मान वळवायची की नाही या विचारात आहेत, असं मला सारखं वाटत राहिलं. भूदासपद्धत गेली 1861 साली.

मग लोककलेच्या दालनात गेले आणि तिथेच अडकले.

व्होल्गाकाठच्या गोरोदेत्सजवळ, उझोला नदीच्या गावांमध्ये सूत कातायला एक फळी वापरायचे, दोन्त्से. नारळाच्या खवणीवर बसतो तसं बाई तिच्यावर बसायची. पुढच्या भोकात उभा लाकडी कंगवा खोवलेला, त्यावर जवसाच्या तंतूंचा पुंजका, हातात चाती. काम झालं की कंगवा काढून फळी भिंतीवर टांगायची. दिवसभर बुडाखाली असलेलं चित्र संध्याकाळी घराची शोभा! म्हणून तर तिच्यावर एवढा जीव ओतलेला.

काचेला नाक लावून बघितलं. घोड्याचं धड म्हणजे काळ्या ओकचा एकच तुकडा. वर्षानुवर्षं नदीच्या तळाशी बुडून काळं पडलेलं लाकूड, फिक्या फळीत खोदून बसवलेलं. पाय मात्र बसवलेले नाहीत, पटाशीने नुसते कोरलेत. बारीक, वाकडे, आता धावतील असे. पुढे पुढे कारागीर ही जडणी सोडून रंगाकडे वळले. मग त्याच फळ्यांवर चहा पिणाऱ्या नटलेल्या बायका आल्या, घोडेस्वार आले. मला हेच फार मोठं वाटलं. जमीनदाराने शेतकऱ्यांचं काम रंगवलं. त्यांनी स्वतः, कामाच्याच अवजारावर, आपली सुट्टी रंगवली.

उत्तरेकडे मेझेन नदीवर तर सूत कातायच्या अवजारासाठी अख्खं झाडच घ्यायचे: खोडाचं तंतू बांधायचं उभं पातं, मुळाची बसायची फळी. त्यावर काजळी आणि लाल मातीने घोड्यांच्या आणि हरणांच्या रांगा. त्या मी घाईत बघितल्या, बंद व्हायची वेळ झाली होती.

उद्या उघडताच पुन्हा जाणार आहे. वही आणि पेन्सिल बॅगेत भरून ठेवली. त्या घोड्याचे चारही पाय मला काढून आणायचेत.