पार्किंगचं वेगळं

एजंट फोनवर फ्लॅटचं वर्णन करत होता. दोन बेडरूम, हवा खेळती, ऑफिसपासून चालत दहा मिनिटं. भाडं ऐकून मी गप्प झाले. ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण उरलेलंही त्याने त्याच दमात उरकून टाकलं. "आणि मॅडम, पार्किंगचं वेगळं पडेल."

भाड्यापेक्षा ते 'वेगळं'च जास्त लागलं. म्हणजे मी राहणार त्याचे पैसे निराळे आणि गाडी राहणार तिचे निराळे. तसं पाहिलं तर त्यात गैर काहीच नाही. सध्याच्या घरात दोन्ही एकातच धरलेलं आहे, म्हणून जाणवत नाही इतकंच. वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे गाडी नाही, कधी नव्हतीही. तरी खाली त्यांच्या वाट्याची चौकट आखलेली आहे, तिच्यात दुसऱ्यांचे पाहुणे गाड्या लावतात, आणि तिचे पैसे त्या दर महिन्याला भाड्यातून मुकाट भरतात. जपानमध्ये १९६२ सालीच कायदा झाला. तिथल्या शहरांत गाडी नावावर करायची तर ती ठेवायची जागा आधी दाखवावी लागते. म्हणजे आधी तिच्या राहण्याचं बघा, मग तिला घरी आणा.

गाडी मुळात राहतेच, फिरते ती अधूनमधून. काकांची गाडी अशी राहायची. तिच्यावरचं कापडी कव्हर उन्हाने इतकं विटलेलं की मूळ रंग कुठला हे काकांनाही सांगता आलं नसतं. आतली गाडी मात्र कोरी करकरीत. काका कामावर बसने जायचे, कारण गाडी नेली तर तिकडे लावायची कुठे? रविवारी सकाळी ते कव्हर काढायचे, त्याची नीट घडी घालायचे आणि बॅटरी उतरू नये म्हणून गाडी नुसती सुरू करून ठेवायचे. आम्ही चुलतभावंडं मागच्या सीटवर दाटीवाटीने बसायचो. रेक्झिन तापलेलं असायचं, मांड्यांखाली हात घालून बसावं लागायचं. काच खाली करायचं हँडल कुणी फिरवायचं यावरून चिमटे आणि रडारड. गाडी जागची हलायची नाही, पण आम्ही कुठेकुठे जाऊन यायचो. मग काका किल्ली फिरवायचे, "झालं, उतरा" म्हणायचे, आणि आम्ही आळोखेपिळोखे देत उतरायचो.

डोनाल्ड शूप नावाच्या अमेरिकी प्राध्यापकांनी उभा जन्म पार्किंगच्या अभ्यासात घातला. गाड्या साधारण ९५ टक्के वेळ नुसत्या उभ्या असतात, असं ते सांगत. काकांची गाडी त्यांनी पाहिली असती तर आकडा सुधारून घेतला असता.

वडिलांकडे गाडी नव्हती. नवं घर आतून बघायच्या आधी ते बसस्टॉपपासून दारापर्यंत चालून बघायचे. पुढे ते, मागे आई, तिच्या मागे मी. एजंटने सांगितलेली पाच मिनिटं वडिलांच्या पायांनी सात व्हायची, आईच्या पायांनी दहा, आणि माझ्या पायांनी ती संपायचीच नाहीत. वडील आईचा आकडा धरायचे. "पिशव्या तिच्या हातात असतात," म्हणायचे.

हा हिशेब तसा जुना. फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ साली तो शेतीसाठी मांडला. बाजाराजवळची जमीन महाग, म्हणून तिथे दूध आणि भाजी, म्हणजे जे लवकर नासतं ते. मग सरपणाचं जंगल, मग धान्य. सगळ्यांत लांब गुरांची कुरणं, कारण गुरं आपल्या पायांनी बाजारात येऊ शकतात. पुढे शहरातल्या घरांनाही हाच न्याय लावला गेला. माझ्या पगारात मी कुठे बसते तेही मी पाहिलं. कुरणात. रोज आपल्या चाकांनी बाजारात येते.

गाडी घेतली की लांबचं घर जवळ येतं, असं म्हणतात. चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली लिहून ठेवलंय की माणूस पायी असो की गाडीत, दिवसाचा साधारण तासभर तो प्रवासात घालवतोच. पायी अर्धा तास जायचं, अर्धा तास यायचं, म्हणून जुनी तटबंदीची शहरं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाचेक किलोमीटरच्या आतच राहिली. मग गाडी आली. वेग वाढला, शहर पसरलं, तास आहे तिथेच राहिला. मधला वाचलेला वेळ गेला कुणाच्या खात्यात? माझा संशय बिल्डरवर आहे.

शेवटी कागद घेऊन बसले. भाड्याचं बरं असतं, ठरल्या तारखेला एकदम जातं आणि त्या दिवशी काय तो जीव तळमळतो. गाडीचं तसं नाही. पेट्रोल दिसतं, पण इन्शुरन्स वर्षाने उगवतो, टायर काही वर्षांनी, आणि घसारा तर विकायला काढेपर्यंत तोंडच दाखवत नाही. सगळं मांडल्यावर जवळचं घर आणि लांबचं घर अधिक गाडी, यांत नाव घेण्यासारखा फरक उरला नाही.

एक रकाना मी कागदावर घेतलाच नाही. संध्याकाळी खाली गाडी लावली, इंजिन बंद केलं, की मी थोडा वेळ तशीच बसून राहते. ऑफिस संपलेलं असतं, घर सुरू झालेलं नसतं. बॉनेटखालून टिक टिक येत असते, पट्टा सोडायचा राहिलेला असतो. वर गेल्यावर "ट्रॅफिक होतं" म्हणते. चालत दहा मिनिटांच्या घरात ही सोय नाही. बाई रस्त्याच्या कडेला उगीच उभी राहिली तर दोघंतिघं तरी विचारतात, काय झालं?

नवऱ्याने कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. "अगं, रात्रीबेरात्री काही झालं तर?"

या वाक्यापुढे आजवर कुठलाच हिशेब टिकलेला नाही. ती रात्र आमच्याकडे मागे एकदा येऊन गेली आहे. वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा गाडी सर्व्हिसिंगला गेली होती. टॅक्सी बोलावली, ती लगेच आली, वेळेत पोचलो, वडील वाचले. पहाटे टॅक्सीनेच घरी येताना नवरा म्हणाला, "बघ, म्हणून गाडी हवी."

मी "हो" म्हणाले.