नववं फळ

भायखळ्याला आमच्या चर्चच्या मंडळीचा हंगामाचा सण, म्हणजे नवं पीक देवापुढे ठेवायचा, दरवर्षी व्हायचा. आता मुंबईत कोणाची शेती असणार, म्हणून पप्पा पहाटे भायखळा मार्केटातून भोपळे, दुधी, ऊस उचलून आणायचे (मार्केट तेव्हा वाशीला गेलं नव्हतं) आणि तेच वेदीपुढे आमचं पीक म्हणून मांडायचं. खरं पीक यायचं ते नगरकडून, कोणाच्या तरी मामाची बाजरी. अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे अमेरिकेचे ख्रिस्ती मिशनरी, १८१३ ला मुंबईत आलं नि १८३१ ला नगरला पोचलं, आमच्यातले अर्ध्याहून जास्त आजोबा पोटासाठी त्याच वाटेने उलटे इकडे आले. उपासना झाली की लिलाव, दोन रुपयांचा दुधी वीसला जायचा आणि घेणारा तो परत टेबलावर ठेवायचा, पुन्हा बोली लावा म्हणून.

१९७७ साली संडेस्कूलने 'आत्म्याचं फळ' बसवलं. बायबलमधलं गलतीकरांस पत्र, अध्याय पाच. प्रीती, आनंद, शांती अशी नऊ नावं, नऊ पोरं, गळ्यात पुठ्ठ्याची फळं. मी आठ वर्षांचा, सगळ्यात बुटका म्हणून शेवटचा, माझ्या वाट्याला इंद्रियदमन. जीभ अडकली आणि मी ठणकावून म्हणालो, 'इंदिरादमन!' मार्चमध्येच निवडणुकीत इंदिरा गांधी हरलेल्या, चर्चचे पाळकसाहेबसुद्धा बाकाला धरून हसले. तेव्हापासून मी सगळ्यांचा 'नववं फळ', लग्नाच्या पत्रिकेवर तेवढं छापायचं राहिलं.

जेवणाचा नियम असा की तरुण संघाने वाढायचं आणि सगळ्यात शेवटी खायचं. वरून आपलं ताट आपण घासायचं, डॉक्टर असो की गिरणीवाला. त्याच पत्राच्या पुढच्याच अध्यायात एकदा 'एकमेकांची ओझी वाहा' येतं आणि लगेच तीन ओळींनी ज्याने त्याने आपला भार वाहावा असंही येतं, मी आमच्या कोठारवाल्या काकांना विचारलं, नक्की कुठलं धरायचं? ते म्हणाले, 'मटणाचं पातेलं चौघांनी उचलायचं, ताट आपलं आपण घासायचं. यात न कळण्यासारखं काय आहे रे?' एवढं सोपं मला नंतर कुठल्या प्रवचनात मिळालं नाही.

कळलं सगळं, पण सोळाव्या वर्षी भुकेला कोण समजावणार. मटणाची बादली माझ्याकडे, समोर तीन पंगती उठलेल्या आणि पातेल्याचा तळ दिसायला लागलेला, मी हळूच चांगले पाच-सहा तुकडे नि भात एका ताटात काढून पेटीच्या खोक्यामागे झाकून ठेवलं. शेवटच्या पंगतीला आत्या आल्या, सख्ख्या नाहीत, सगळ्यांच्याच आत्या, पहाटे चारपासून कांदे चिरत बसलेल्या. बादलीत नुसता रस्सा. त्या म्हणाल्या, 'असू दे रे, रस्साच छान लागतो.' मला काय झालं माहीत नाही, गेलो नि ताट आणून पुढ्यात ठेवलं, वर म्हणालो, तुमच्यासाठीच राखून ठेवलं होतं आत्या.

त्यांनी ताटाकडे बघितलं, मग खोक्याकडे, मग माझ्याकडे.

'लबाडा,' म्हणाल्या, 'बस इथे. नवव्या फळाला अर्धं.'

ते ताट मात्र मला एकट्याला घासायला लावलं.