‘सगळ्यांना प्रोप्रायटरशिपच का सांगता?’ तुम्ही विचारलंत म्हणून

नोकरी सांभाळून धंदा सुरू करणारी माणसं माझ्याकडे नोंदणीसाठी येतात तेव्हा नाव ठरलेलं असतं, लोगो तयार असतो आणि प्रश्न एकच असतो: एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करू की प्रायव्हेट लिमिटेड कंपनी? मी म्हणते, यातलं काहीच नको, स्वतःच्या पॅनवर प्रोप्रायटर, म्हणजे एकटे मालक म्हणून सुरू करा. मग पुढचा प्रश्न येतो. ‘पण मॅडम, आधी तर तुम्हीच सगळ्यांना एलएलपी सांगत होतात!’

हो, सांगत होते. आणि तेव्हा जे सांगायचे त्यात खोटं काही नव्हतं. एलएलपीचा कायदा २००८ चा. त्याने भागीदारीचा सुटसुटीतपणा दिला आणि कंपनीसारखं संरक्षणही दिलं. उलाढाल ४० लाखांच्या आत आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर त्या कायद्याखाली ऑडिट लागत नाही. कंपनीला मात्र एक रुपयाची विक्री नसली तरी ऑडिट आहेच, ओपीसीला, म्हणजे एकट्या माणसाच्या कंपनीलासुद्धा. धंदा बुडाला तर देणेकरी घरापर्यंत येणार नाहीत, हे वाक्य मी कितीतरी जणांना ऐकवलंय. बंद कसं करायचं, ते मात्र कोणालाच सांगितलं नव्हतं.

२०१७ च्या जुलैत दोन मित्रांची एलएलपी मी करून दिली. दोघंही नोकरीत होते, फावल्या वेळात ऑनलाइन विक्री करणार होते. चौदा महिन्यांनी धंदा थांबला. भांडण नाही, कर्ज नाही, उरलेला माल विकून पैसे वाटून घेतले आणि विषय संपला, असं त्यांना वाटलं. पण एलएलपी विक्री थांबली म्हणून संपत नाही. वर्ष संपल्यावर ३० मेपर्यंत फॉर्म ११ (वार्षिक विवरण) आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ (हिशेबाचा) भरावाच लागतो, व्यवहार शून्य असला तरीही. शिवाय फर्मचं आयकर रिटर्न वेगळं. माझ्या ऑफिसमधून दोन्ही वेळा आठवण गेली होती. ती गेली धंद्याच्या डोमेनवरच्या ईमेलवर, आणि ते डोमेन त्यांनी रिन्यूच केलं नव्हतं. सरकारी नोंदीतही तोच पत्ता.

जानेवारी २०२० मध्ये त्यांच्यापैकी एकाला नवी नोकरी लागली. तिथल्या पडताळणीत त्याचं नाव एका चालू एलएलपीचा डेझिग्नेटेड पार्टनर, म्हणजे कायद्यापुढे जबाबदार भागीदार म्हणून निघालं. कंपनी मंत्रालयाच्या साइटवर हे कुणालाही दिसतं. तीन आठवड्यांत यातून बाहेर पडा, असं त्याला सांगण्यात आलं.

बाहेर पडायचं कसं? दोनच भागीदार, एक गेला तर उरतो एक. एकट्याने सहा महिन्यांहून जास्त काळ धंदा चालवला तर त्या काळातल्या देण्यांना तो स्वतः जबाबदार होतो, त्यामुळे दुसरा तयार होईना. तिसरा माणूस आत यायला राजी नव्हता. उरला मार्ग एकच, फॉर्म २४ भरून नाव काढून टाकणं. त्यासाठी वर्षभर धंदा बंद असावा लागतो, तो होता. पण धंदा थांबला त्या आर्थिक वर्षापर्यंतचे सगळे फॉर्म ८ आणि ११ आधी भरलेले लागतात, बँक खातं बंद लागतं, प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र लागतं. फॉर्म ८ वर दोघांची डिजिटल सही लागते. दोघांच्याही सह्यांची मुदत संपलेली, आणि दुसरा तोवर परदेशात. त्याची नवी सही निघायलाच नऊ दिवस गेले.

मग लेट फी. तेव्हा दर होता प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, कमाल मर्यादा नाही. पहिला फॉर्म ११ एकटाच सहाशेहून जास्त दिवस थकलेला. चार फॉर्मचे मिळून चौदाशेच्या वर दिवस, म्हणजे १ लाख ४० हजारांच्या वर. चौदा महिन्यांत त्या धंद्याला एवढा नफा झाला नव्हता. ते त्यांनी भरले, अर्ज केला. पण नाव निघायला महिने लागतात आणि नोकरीवाले थांबले नाहीत. मार्चमध्ये सरकारने एलएलपी सेटलमेंट स्कीम आणली, आधी लेट फी दिवसाला १० रुपयांवर आणून आणि पुढे ती पूर्ण माफ करून. तोवर यांचे पैसे भरून झाले होते.

तुम्ही म्हणाल, चूक त्यांची, फॉर्म त्यांनी भरले नाहीत. अर्धं मान्य. दर आता तो नाही, हेही मान्य. १ एप्रिल २०२२ पासून लेट फी नेहमीच्या फीच्या पटीत मोजतात आणि छोट्या एलएलपीला ती बरीच हलकी पडते. कंपनीच्या वार्षिक फॉर्मना मात्र दिवसाला १०० रुपयांचा दर आहेच, आणि तीन वर्षं सलग ते भरले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. पण ज्याचा दिवस ऑफिसात जातो आणि रात्री दोन तास धंद्याला मिळतात, त्याच्या हातून सगळ्यात आधी हेच कागद सुटतात. हे मला २०१७ मध्ये कळायला हवं होतं.

मर्यादित जबाबदारीबद्दलही मी जास्त बोलायचे. छोट्या धंद्याला कर्ज देताना बँक भागीदारांची वैयक्तिक हमी बहुधा मागतेच, आणि हमीवर सही केली की त्या कर्जापुरतं संरक्षण उरत नाही. शिवाय स्वतःच्या हातून झालेल्या चुकीला एलएलपी कायदाच संरक्षण देत नाही. कलम २८ वाचा.

कराचं गणितही बघा. एलएलपीच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर सेस. प्रोप्रायटरचा नफा पगारात मिसळून स्लॅबने मोजला जातो, आणि नव्या पद्धतीत एकूण उत्पन्न २४ लाखांच्या खाली असेल तर शेवटच्या रुपयालाही ३० टक्के लागत नाहीत. ज्याला सगळे अजून ४४एडी म्हणतात ती अनुमानित उत्पन्नाची सोय (विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनाच नफा धरणं) प्रोप्रायटरला आहे, साध्या भागीदारीला आहे, एलएलपीला नाही. भागीदारांना पगार दाखवून एलएलपीचा नफा कमी करता येतो, पण तो करारात लिहिलेला हवा आणि कायद्याच्या मर्यादेत हवा. एप्रिल २०२५ पासून वर्षाला २० हजारांच्या वर अशी रक्कम दिली की १० टक्के टीडीएसही कापावा लागतो, म्हणजे टॅन (टीडीएससाठीचा वेगळा क्रमांक) आला आणि तिमाही रिटर्न आलं.

प्रोप्रायटरशिपमध्ये दोष नाहीत असं मी म्हणत नाही. देणं झालं तर घर, बचत सगळं पणाला लागतं. पहिल्या वर्षीचा तोटा पगारातून वजा होत नाही. तो पुढे आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वळता करता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. उद्या कंपनी केलीत तर पॅन नवा, म्हणून जीएसटी क्रमांकही नवा.

तरी सुरुवात सोपी आहे. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते. पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे (२०२५ च्या दुरुस्तीनंतर) गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी लागत नाही, फक्त सूचना द्यायची. हे दोन कागद एकाच नावाने, एकाच स्पेलिंगने काढा, कारण धंद्याच्या नावाने करंट अकाउंट उघडताना बँक त्या नावाचे दोन पुरावे मागते आणि ‘एंटरप्राइझ’ की ‘एंटरप्रायझेस’ यावर अर्ज परत येतो. जीएसटीची मर्यादा सेवेला २० लाख, नुसत्या मालाला आपल्याकडे ४० लाख. ती पॅनवर मोजतात, एकाच पॅनवर दोन धंदे असतील तर दोन्हींची बेरीज. माल राज्याबाहेर विकलात की मर्यादा विसरा, पहिल्या बिलाआधी नोंदणी हवी.

आणि नोकरीचं पत्र आधी वाचा. प्रोप्रायटरचं नाव मंत्रालयाच्या साइटवर दिसत नाही म्हणून मनाई असताना करा, असं मी कुणालाही सांगत नाही. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला तर १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत. बायकोच्या नावावर करून ते टळतं असं समजू नका. शिवाय पैसा तुमचा असेल तर तो नफा करासाठी तुमच्याच उत्पन्नात धरतात.

दोघांचे पैसे लागले असतील तर माझं उत्तर बदलतं. तोंडी भागीदारी नको. नोंदणी न केलेल्या भागीदारीला १९३२ च्या कायद्याचं कलम ६९ आडवं येतं. ग्राहकाने पैसे बुडवले तर फर्म दावा लावू शकत नाही, भागीदाराने करार मोडला तर दुसऱ्याला फार तर फर्म मोडण्याचा आणि हिशेबाचा दावा लावता येतो. इथे मी आजही एलएलपीच सांगते. फक्त आता करारात बाहेर पडण्याचं कलम आधी लिहून घेते: किती दिवसांची नोटीस, हिस्सा कसा मोजायचा, दुसरा उरला नाही तर बंद करायचा खर्च कोणाचा. करार ३० दिवसांत फॉर्म ३ बरोबर जातो, म्हणून तो नोंदणीनंतर नव्हे, आधीच तयार हवा. आणि नोंदीत दोघांचे स्वतःचे ईमेल.

सध्या अडलंय ते एका वेगळ्याच ठिकाणी. घरगुती वायरिंग आणि गीझरची कामं शनिवार-रविवारी करणारा एक जण आहे. एकटाच. राहतं घर सोडून काही नाही. काम तो स्वतःच्या हाताने करतो तोवर ओपीसीने त्याला फारसं काही मिळत नाही, कारण हाताने झालेल्या चुकीची भरपाई कंपनी मागे असली तरी त्याच्याकडे मागता येते. त्याला मी तृतीय पक्षाच्या नुकसानीचा विमा घ्यायला लावलाय आणि प्रोप्रायटर ठेवलाय. पण आता तो मदतनीस ठेवतोय. मदतनिसाने जोडलेली वायर जळली तर प्रोप्रायटर म्हणून दावा थेट त्याच्या घरापर्यंत येतो, आणि ओपीसी असती तर कदाचित आला नसता. दरवर्षीचं ऑडिट, वार्षिक फॉर्म आणि माझी फी हे सगळं त्या घरासाठी जास्त आहे का? गेल्या आठवड्यात मी त्याला विम्याची रक्कम वाढवायला सांगितली. ओपीसीचे कागद मात्र काढून ठेवलेत, त्याने मार्चपर्यंत दुसरा मदतनीस घेतला तर.