एकशे सत्तावीस दाते

लेथमुळे, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रामुळे, बायकोची स्कूटर दोन पावसाळे बाहेर भिजते आहे. त्यामुळे तो विकावा की नाही, यावर घरात विरोधी मत फक्त माझं आहे.

लेथ कर्नाटकातल्या हरिहरचा. म्हैसूर किर्लोस्करचा तिथला कारखाना १९४१ चा. आमच्या कोल्हापुरात, उद्यमनगरात, 'हरिहरचा' म्हटलं की जुने टर्नर अजून मान डोलावतात. एका बंद शेडमधून मी तो भंगाराच्या भावानं उचलला. ८०० किलो बीड, किलोला ३५ रुपये, म्हणजे २८,०००. मग बेअरिंगं, क्रॉस स्लाइडचं गनमेटलचं नट, मोटारीचं रिवाइंडिंग, काम पकडणारा नवा चक मिळून ४१,०००. इथपर्यंत हिशेब सोपा. पण निळा रंग लावून, सॅडल, म्हणजे हत्यार धरणारा सरकता भाग, बेडवर, म्हणजे खालच्या लांब बैठकीवर, फिरवून, उलटी करून, निळे उंचवटे स्क्रेपरनं खरवडत जे रविवार गेले, ते कोणत्या भावानं लावायचे? टर्नरच्या रोजानं लावले तर लेथ चांदीचा पडतो. फुकट धरले तर माझाच अपमान.

म्हणून मी भाव सांगायचो, आणि प्रत्येक फोनला पाच हजारांनी वाढवायचो. विचारणारेही तसलेच. एकानं तर रंग कंपनीचा आहे का, एवढंच विचारलं.

"अहो, तुम्ही भाव सांगत नाही, माणसं हाकलताय," बायको म्हणाली.

परवा एक पोरगा आला. रंगाकडे बघितलंही नाही. सॅडल चकाजवळ नेली, जिबचे, म्हणजे सॅडल घट्ट धरणाऱ्या पट्टीचे, स्क्रू आवळून तिथला प्ले, म्हणजे सैलपणा, काढला, आणि मग हँडल फिरवत टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाकडे, निघाला. मला पुढचं ठाऊक होतं. काम चकापाशी चालतं, बेड झिजतो तो तिथंच. तिथं घट्ट बसवलेली सॅडल न झिजलेल्या टोकाला अडकणारच. अडकली. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"काका, बेडच्या ग्राइंडिंगचे पैसे धरलेत का यात?"

नव्हते धरले. एक लाख दहावरून मी पंच्याण्णववर आलो, तेही त्यानं न मागता.

"लीडस्क्रू इंची ना? मग १२७ चं गिअर?"

हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं. लीडस्क्रू म्हणजे आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू. १२७ मिलिमीटर म्हणजे बरोबर पाच इंच. १२७ दात्यांच्या त्या एका गिअरवर इंची लेथ मेट्रिक आटे पाडतो, आणि नेमकं तेच मूळ संचातून हरवलेलं होतं. मी ते करवून घेतलं होतं आणि, खोटं कशाला सांगू, गिऱ्हाइकानं विचारलं नाही तर देणार नव्हतो. लेथ गेल्यावर त्याचं काय करणार होतो, देव जाणे.

कपाटातून तेलकट कागदात गुंडाळलेलं गिअर आणून त्याच्या हातात दिलं. त्यानं एका दात्यावर खडूनं खूण केली आणि उंबऱ्यावर बसून मोजायला सुरुवात केली.