१९ नंबरची झडप

हृदयाच्या ऑपरेशनात मी हार्ट-लंग मशीन चालवते. त्याच्या नोंदींच्या कागदावर, परफ्युजन शीटवर, सगळ्यात वर तीन आकडे असतात: उंची, वजन आणि बीएसए, म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. आजींची उंची १४५ सेंटीमीटर, वजन ४२ किलो, बीएसए १.३. त्याला २.४ ने गुणलं की पंप मिनिटाला किती लिटर चालवायचा ते कळतं. इथे ३.१ लिटर. हृदय थांबवलेलं असतं तेवढा वेळ रुग्णाचं रक्त माझ्या मशीनमधून फिरतं, त्यामुळे हा आकडा माझ्या कामाचा. त्या दिवशी तो सर्जननाच जास्त लागला.

आजी माण तालुक्यातल्या, वय ७६. अंगणात दोनदा भोवळ येऊन पडल्या तेव्हा घरच्यांनी इको करून आणला. महाधमनीची झडप चुना साठून दगड झालेली, उघडीप ०.६ चौरस सेंटीमीटर. ती १ च्या खाली गेली की आजार गंभीर धरतात. मीन ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला सरासरी फरक, ५८. मांडीतून झडप बसवायची, म्हणजे टावी, त्याचा खर्च ऐकून मुलाने मान हलवली. मग ऑपरेशनच. या वयात जैविक झडप घालतात, कारण धातूची घातली तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर आणि तिच्यासाठी रक्ततपासणीच्या तालुक्याला खेपा.

आदल्या दिवशी सर, म्हणजे आमचे सर्जन, ही झडप गोवंशाच्या हृदयावरच्या आवरणापासून करतात हे स्पष्ट सांगायला गेले. आजी माळकरी. बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "कुटली गाय?" सर म्हणाले, परदेशातली. "मंग चालंल." मुलाची मागणी वेगळीच होती. "सर, मोठ्यात मोठी बसवा, पैशाचं बघू आमी." झडपेचं माप पैशावर ठरत नाही हे त्याला पटलं असं काही वाटलं नाही.

महाधमनीला क्लॅम्प लागला, कार्डिओप्लेजिया, म्हणजे हृदय थांबवणारं द्रावण, दिलं, हृदय शांत झालं. त्यातलं डेल निडो वापरतो आम्ही, एका डोसवर साधारण तासभर निर्धास्त. सरांनी जुनी झडप कापली, कडेचा चुना कुरतडून काढला. प्रत्येक खडा मोजून घेतल्यासारखा बाहेर, कारण एखादा आत निसटला तर थेट मेंदूत जाऊ शकतो. मग सायझर, म्हणजे झडपेचं माप घ्यायचं साधन; माप मिलिमीटरमध्ये. २१ चा आत जाईना. १९ चा बसला, तोही घट्ट.

"बीएसए किती?" सरांनी मान वर न करता विचारलं.

"१.३, सर."

या कंपनीच्या तक्त्यात १९ नंबरची प्रत्यक्ष उघडीप साधारण १.१. भागिले १.३, म्हणजे ०.८५. डॉ. रहीमतुला यांनी १९७८ साली मांडलेला मुद्दा हाच होता: झडप नवी असली तरी शरीराच्या मानाने लहान पडली तर अडथळा थोडा उरतोच. ०.८५ पासून खाली मध्यम विसंगती, ०.६५ पासून खाली गंभीर. आम्ही नेमके रेषेवर.

ज्युनिअर डॉक्टरांचं मत, मूळ रुंद करू. धमनीच्या मुळाशी चीर देऊन पॅच लावला की २१ बसेल, आणि पुढे ही झडप झिजली तर तिच्या आत दुसरी टावीने घालायला जागा राहील. मुद्दा चुकीचा नव्हता. १९ च्या आत दुसरी झडप म्हणजे फारच अडचण. पण भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, क्रिएटिनिन १.६ आहे, किडनी आधीच कमजोर, पंपाचा वेळ वाढवू नका. सरांनी धमनीची कड चिमट्याने उचलून दाखवली. पापडासारखी. "इथे टाका घालून रक्त गळायला लागलं तर थांबवणार कुठे?"

थोड्याच दिवसांपूर्वी बीएसए १.७ असलेल्या एका काकांचंही मूळ १९ च भरलं होतं. १.१ भागिले १.७, जवळपास ०.६५. तिथे सरांनी क्षणभरही विचार न करता पॅच लावला होता. काकांचं वय ६४, धमनी चिवट. माप तेच, निर्णय उलटा. आजी ठेंगण्या आणि काटक आहेत हे त्यांच्या पथ्यावर पडलं. घरात, अंगणात फिरणाऱ्या ४२ किलोच्या शरीराला किती रक्त लागणार?

१९ च बसली. क्लॅम्पची वेळ ५८ मिनिटं. मी पंप हळूहळू उतरवत शून्यावर आणला. अन्ननलिकेतून घातलेल्या इकोवर मॅडमनी ग्रेडियंट वाचला, १४. कडेने गळती नाही. सर म्हणाले, "प्रोटामीन द्या," म्हणजे पंपासाठी पातळ केलेलं रक्त पुन्हा गोठू लागेल असं औषध, आणि ज्युनिअरकडे बघून, "९० व्या वर्षी झिजली तर तेव्हाचे लोक बघतील." ज्युनिअर हसले नाहीत. मला वाटतं, आजी ६८ च्या असत्या तर मीही त्यांच्याच बाजूने असते.

बाहेर मुलाने पहिला प्रश्न तोच विचारला, केवढी बसली? सरांनी १९ सांगितलं. त्याचा चेहरा पडला. सरांनी त्याला खाली बसवलं आणि माझ्या शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळा भागाकार करून दाखवला. शीट फाइलला लावायची होती म्हणून मी ती मागून घेतली.