‘टी५५’ पेटीपर्यंत पोचतं, मग तुटतं कुठे?

वेंगुर्ल्यात मे संपत आला की रातांबे (कोकमाची फळं) झाडाखाली सडा घालतात आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून यायला लागतं. त्यांच्या सालींना, म्हणजे सोलांना, रसाची पुटं द्यायची, उन्हात पसरायची आणि वळीव आला की धावत गोळा करायची, यात घरच्यांची दमछाक होते. म्हणून मांगरात (घराजवळच्या खोपटात) प्लायवूडची वाळवणपेटी केली. आत हीटर, पंखा आणि तापमान-दमटपणा मोजणारा डीएचटी२२ सेन्सर. बाहेर हे सगळं चालवणारा छोटा संगणक-बोर्ड आर्डुइनो उनो आणि फोनशी बोलणारं एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल. फोनवरून ‘टी५५’ पाठवलं की पेटीने ५५ अंश धरायचे, एवढंच तिचं काम.

पण कधी कधी ती ५५ ऐवजी ५ धरायची. म्हणजे हीटर बंद, आणि ओली सोलं तशीच पडून. मग मांगरातून आईची हाक यायची, “झिला, पेटी थंड कित्याक पडली रे?” दमट हवेत सोलांवर बुरशी धरायला वेळ लागत नाही, त्यामुळे हे शोधून काढणं भागच होतं.

ज्याला विचारावं तो हवेलाच दोष द्यायचा. जांभ्याच्या भिंती जाड, सिग्नल अडत असणार. मला ते पटेना. ब्लूटूथमध्ये पाठवलेला तुकडा नीट पोचला की नाही हे तपासलं जातं आणि बिघडलेला तुकडा पुन्हा पाठवला जातो. सिग्नल कमजोर असेल तर उशीर होईल, फार तर जोडणी तुटेल. पण मधलाच एक ५ गळून पडेल असं होणार नाही. मॉड्यूलपासून आर्डुइनोपर्यंतच्या वीतभर वायरीत मात्र अशी कुठलीच तपासणी नसते. तिथे जे हुकलं ते हुकलं.

खात्री करायला एक चाचणी आहे आणि ती सगळ्यात आधी करावी असं माझं ठाम मत आहे. आर्डुइनोच्या वायरी काढा आणि एचसी-०५ चे टीएक्स (पाठवणारा) आणि आरएक्स (घेणारा) हे दोन पिन एकमेकांना जोडा. आता फोनवरून जे पाठवाल ते तसंच फोनवर परत यायला हवं. मी मांगराचं दार लावून अंगणातून लांबलचक ओळी पाठवल्या, अक्षर न अक्षर परत आलं. भिंत निर्दोष, मॉड्यूल निर्दोष. बॉड रेटचाही, म्हणजे वायरीतून बिट पाठवण्याच्या वेगाचाही, प्रश्न नव्हता. तो दोन्हीकडे ९६०० होता, आणि तो जुळत नसेल तर पहिल्या अक्षरापासूनच कचरा दिसतो. आरएक्स पिनला ३.३ व्होल्टच मिळावेत म्हणून १ के आणि २ के ओहमचे रेझिस्टर लावलेले होतेच.

मग आर्डुइनोकडे आलेलं प्रत्येक अक्षर सीरियल मॉनिटरवर, म्हणजे संगणकावरच्या त्याच्या खिडकीत, छापून पाहिलं. तिथे ‘टी’, ‘५’ आणि त्यानंतर एक उलटं प्रश्नचिन्ह! त्या चिन्हात सगळं उत्तर होतं. ९६०० बॉडला एक अक्षर यायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात १६ मेगाहर्ट्झचा उनो सोळा हजार ठोके पुढे गेलेला असतो. ‘काही आलंय का’ एवढं विचारून लगेच तीन अक्षरं वाचायला घेतली, तर तिसरं अजून वाटेत असतं आणि रीड फंक्शन ‘काही नाही’ या अर्थाने उणे १ परत देतं. तेच अक्षर म्हणून छापलं की उलटं प्रश्नचिन्ह दिसतं. अशा नमुन्याचा कोड सर्रास वापरला जातो. उपाय सोपा आहे: प्रत्येक अक्षर आलं की साठवायचं आणि ओळ संपल्याची खूण मिळाल्यावरच अर्थ लावायचा.

एवढ्याने पेटी जवळजवळ सुधारली. ‘जवळजवळ’वर मला समाधान नव्हतं, कारण क्वचित एखादा आदेश अजूनही तुटायचा. क्वचित येणारा दोष पकडायला तो वारंवार घडवावा लागतो. म्हणून एक ते शून्य आकडे फोनवरून अखंड पाठवत राहिलो. मॉनिटरवर आकड्यांची रांग सरकत होती आणि मध्येच चार-पाच आकडे गायब, लगोलग एक भलतंच चिन्ह, मग पुन्हा सुरळीत. घड्याळ लावलं तर ही भोकं दर दोन सेकंदांनी पडत होती. डीएचटी२२ दर दोन सेकंदांनीच वाचला जातो!

या सेन्सरचे ४० बिट वेळ मोजून वाचावे लागतात, म्हणून त्याची लायब्ररी (तयार कोड) साधारण ५ मिलिसेकंद सगळे इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवून लक्ष वेधणारे इशारे, बंद ठेवते. मॉड्यूल मी साध्या पिनांवर जोडलं होतं, आणि तिथली अक्षरं कोडनेच वाचणारं सॉफ्टवेअर सीरियल तर इंटरप्टवरच जगतं. तेवढा वेळ ते बहिरं होतं. मॉड्यूल ० आणि १ या पिनांवर नेलं, जिथे अक्षरं चिपमधलं वेगळं सर्किट घेतं, तरी हे पूर्ण टळत नाही, कारण तिथे जेमतेम तीन अक्षरं तग धरतात आणि ५ मिलिसेकंदांत पाच येऊ शकतात.

दमटपणाचं माप मला सोडायचं नव्हतं, म्हणून सेन्सर तोच ठेवला आणि आदेशाची पद्धत बदलली. आता आदेश < > अशा कोनी कंसात जातो. दोन्ही कंस मिळाले आणि मधला आकडा ४० ते ६५ यांच्यात असला तरच तो मानायचा. नाहीतर आधीचं तापमान कायम. मानला की पेटी तोच आकडा फोनवर परत पाठवते. उत्तर आलं नाही तर आईच पुन्हा बटण दाबते. मुंबईहून आलेल्या मावसभावाच्या आयफोनवर मात्र हे चालत नाही, एचसी-०५ जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ वापरतं. त्यासाठी एचएम-१० सारखं बीएलई (कमी वीज खाणारं नवं ब्लूटूथ) मॉड्यूल लागेल. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी जंपर वायरीही (नुसत्या खोचून जोडायच्या वायरी) डाग देऊन पक्क्या कराव्यात. खाऱ्या हवेने त्यांची टोकं काळवंडतात, आणि त्या दोषाला ठरावीक वेळ नसते.