काका, तुमच्या मुलाचे मार्क मला सांगता येत नाहीत

गणपतीपासून एक काका माझ्याशी धड बोलत नाहीत.

अमेरिकेत मी शिकते, तिथल्या मराठी मंडळाचा गणपती म्हणजे भाड्याने घेतलेलं शाळेचं सभागृह, शनिवारची दुपार आणि कागदी ताटल्यांत मसालेभात. काका ताटली घेऊन शेजारी आले. "तू युनिव्हर्सिटीच्या अॅडव्हायजिंगमध्ये असतेस ना? आमचे चिरंजीव तुमच्याकडेच शिकतात. काही विचारलं की 'फाइन' म्हणतो, पुढे एक अक्षर नाही. जरा कॉम्प्युटरवर बघून सांग, कुठे अडलंय का."

मी म्हटलं, काका, नाही सांगता येत.

"अगं, चोरून मागतोय का मी? बाप आहे त्याचा. फी मी भरतो." तेवढ्यात काकू आल्या आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "जाऊ द्या हो, तिला नसतील एवढे अधिकार." काकांचं रागावणं एक वेळ परवडलं, पण हे मला लागलं. अधिकार आहेत, काकू. म्हणून तर सांगता येत नाही.

काम काय, ते थोडक्यात. अॅडव्हायजिंग म्हणजे कुठले विषय घ्यावेत, कुठले सोडावेत याचा विद्यार्थ्यांना सल्ला देणारं ऑफिस. मोठे सल्लागार आत केबिनमध्ये बसतात, बाहेर काउंटरवर आम्ही विद्यार्थी, तासावर पगार. कुणाच्या रजिस्ट्रेशनवर होल्ड लागलाय, कुणाला स्टॅटिस्टिक्स सोडायचंय पण सोडलं तर 12 क्रेडिट्सच्या खाली जाऊन व्हिसाची भानगड होईल का (हा प्रश्न आम्ही मुकाट्याने इंटरनॅशनल ऑफिसकडे धाडतो), कुणाला नुसतंच बोलायचंय. उरलेले तास एका प्राध्यापिकाबाईंच्या संशोधनात जातात. दोन्ही मिळून आठवड्याला 20 तास, व्हिसाची ही मर्यादा आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना पाठच आहे.

आईच्या लेखी ही अजूनही कारकुनी. मी तिला म्हणते, आपल्या सांगलीपासून सातारा कितीसा लांब? कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' सांगितलं त्याला किती वर्षं झाली? त्यावर तिचं उत्तर तयार असतं: "ते ज्यांच्या घरी नव्हतं त्यांच्यासाठी. आम्ही काय कमी केलंय तुला?" पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

तर काकांना नाही म्हणायला लावणारा तो फर्पा. विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवायचा हा अमेरिकेतला 1974 सालचा कायदा. मूल शाळेत असेपर्यंत त्याच्या शैक्षणिक नोंदी बघण्याचा हक्क आईवडिलांचा. मूल 18 वर्षांचं झालं, किंवा त्याआधीच कॉलेजात दाखल झालं, की तो हक्क मुलाचा. सोळाव्या वर्षी कॉलेजात आलेला एखादा हुशार पोरगा असला, तरी त्याच्या बापाला आम्ही हेच सांगणार. यावरची परीक्षा पास झाल्याशिवाय मला लॉगिनच मिळालं नाही. आणि लॉगिन आहे म्हणून कुणाचंही पान उघडता येतं असंही नाही. समोर बसलेल्याच्या कामापुरतंच बघायचं. रूममेटचा जीपीए (म्हणजे सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी), मैत्रिणीच्या बॉयफ्रेंडचे विषय, काकांचे चिरंजीव, सगळ्यांना एकच न्याय.

काकांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. मुलगा टॅक्समध्ये आईवडिलांवर अवलंबून दाखवला असेल तर विद्यापीठ त्यांना माहिती देऊ शकतं. 'देऊ शकतं', द्यायलाच हवी असं नाही. आणि दिली तरी ती रीतसर, कागदपत्रं बघून. मसालेभात खाता खाता काउंटरवरच्या पोरीकडून नव्हे. कायद्यात आणखी एक गंमत आहे. 21 वर्षांखालचा मुलगा दारूच्या किंवा ड्रग्जच्या प्रकरणात सापडला, तर कॉलेज घरी कळवू शकतं, 1998 पासून तशी मुभा आहे. म्हणजे पोरगं प्यायलं तर बापाला कळू शकतं, गणितात नापास झालं तर नाही. हे मी काकांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का कोण जाणे, निदान हसले असते.

सगळेच पालक चिडत नाहीत. एका बाईंचा फोन माझ्या कायमचा लक्षात राहील. मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं, की कुठल्याही विद्यार्थ्याबद्दल बोलता येणार नाही, सर्वसाधारण नियम सांगू शकते. पलीकडे क्षणभर काही नाही. मग त्या म्हणाल्या, "बरं, समजा एखादा मुलगा आहे. त्याचा जीपीए 2.0 च्या खाली गेला. तर साधारणपणे काय होतं?" मी सांगितलं, साधारणपणे प्रोबेशनवर टाकतात, म्हणजे ताकीद देऊन सुधारायला मुदत देतात. "आणि समजा, त्याने एक विषय आत्ता सोडला तर?" साधारणपणे त्यापुढे डब्ल्यू, म्हणजे 'विषय सोडला' असा शेरा लागतो, पण जीपीएला धक्का लागत नाही. "आणि सोडायची शेवटची तारीख?" ती तर वेबसाइटवरच असते, सांगितली. त्यांनी लिहून घेतली, पेन चालल्याचा आवाज येत होता. तो समजा-एखादा-मुलगा कोण, ते त्यांनाही ठाऊक, मलाही ठाऊक, आणि कायद्याच्या केसालाही धक्का नाही. असल्या बाया आमच्या गल्लीत पैशाला पासरी होत्या. तिथून सांगलीची आठवण यायला लागली ती दिवसभर गेली नाही.

आपल्याकडे मार्क कधी एकट्याचे असतात? दहावी-बारावीचा निकाल बोर्डाच्या साइटवर बघायला बैठक क्रमांकासोबत आईचं नाव टाकावं लागतं. तिकडे आईचं नाव घातल्याशिवाय निकाल उघडत नाही, इथे आई स्वतः फोनवर आली तरी उघडत नाही. शिवाय चौकाचौकांत फ्लेक्स, फोटोखाली टक्के, खाली शुभेच्छुकांची रांग. कॉलेजात हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली की घरी पत्र. ते पत्र पोस्टमनकडून मधल्यामधे लांबवण्याचं कसब ज्यांना साधलं ते पुढे चांगल्या नोकऱ्यांत गेले, पण ते असो.

इथल्या लोकांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आणि त्यांनी ते चेहरे केले की मला आपल्या फ्लेक्सचाही अभिमान वाटू लागतो. अहो, निदान कुणी विचारतं तरी! आमच्या गल्लीत एखादा पोरगा आठवडाभर खोलीबाहेर पडला नाही, तर समोरच्या काकू दार वाजवतील. इथे जिवावर बेतणारं काही असेल तर फर्पा आड येत नाही, तशी तरतूद आहे. पण नुसता हळूहळू बुडणारा पोरगा? त्याच्यासाठी आमच्याकडे ईमेल असतो. तो ईमेल पोरगा वाचत नाही. बावन्न टक्केवाल्याचं आमच्या गल्लीत काय होतं, हे मी इथल्या कुणाला सांगितलेलं नाही. तो आपला घरातला विषय.

इथेही गुपिताचा अतिरेक होतोच. ओक्लाहोमातल्या एका आईने, वर्गात मुलं एकमेकांचे पेपर तपासून मार्क मोठ्याने सांगतात म्हणून शाळेवर दावा लावला, आणि तो थेट सुप्रीम कोर्टात गेला. 2002 मध्ये कोर्टाने एकमताने निकाल दिला की यात फर्पाचा भंग नाही. "शेजारच्याशी वही बदला" या एका वाक्यावर आमचं अख्खं प्राथमिक शिक्षण झालं. तो दावा आपल्याकडे लागता तर सगळी जिल्हा परिषद कोर्टात उभी राहिली असती.

संशोधनाच्या कामातही नाव झाकणंच आहे. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलांच्या मुलाखती मी ऐकून उतरवून काढते. फाइलवर नाव नाही, नुसता नंबर. मुलाखतीत कुणी गावाचं नाव घेतलं तर तेही गाळायचं. ही शिस्त मात्र मला कधी जाचली नाही. अलाबामातल्या कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस सरकारी डॉक्टर 1932 ते 1972 उपचार न करता नुसता न्याहाळत बसले, त्या पुरुषांना धड सांगितलंही नाही, त्यानंतर माणसांवरच्या संशोधनाची ही नियमावली आली. ते प्रशिक्षणात वाचल्यावर कुणाला नंबर देताना हात आखडत नाही.

काकांसाठी सरळ वाट आहेच. मुलाने स्वतः संमती दिली की आईवडिलांना मार्क, फी, वेळापत्रक सगळं बघता येतं. त्याने फक्त पोर्टलवर जाऊन त्यांचं नाव घालायचं. हे मी काकांना त्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे मी त्याच्याकडे परवानगी मागू?" आणि जिलबी आणायला निघून गेले.

मी स्वतः तो फॉर्म भरलेला नाही. बाबांना ते पोर्टल जमायचं नाही, दर थोड्या दिवसांनी पासवर्ड बदला, कोड टाका, आणि वेळेचा फरक आहेच. शिवाय मी त्यांना मार्क सांगतेच. चांगले आले की त्याच रात्री सांगते.